सासूबाईंचा पसारा

— अगं ठेव तो झाडू. ठेव आधी. मी काय सांगते ते ऐक, मग हवं तर तोच झाडू माझ्या पाठीत घाल, पण आत्ता खाली ठेव. सकाळपासून वरून नुसता सामान सरकवल्याचा आवाज येतोय, मला वाटलं तुम्ही घर सोडून निघालात की काय! जिन्यात तुझा नवरा भेटला, तो म्हणाला, काकू, उद्या हिच्या आईच्या रहिवासाच्या दाखल्याची तपासणी आहे, कचेरीतून माणूस येणार आहे, आणि ही घर घासत सुटलीय. म्हटलं, अरे देवा! हातातलं काम टाकून वर आले बघ — गुडघे बोंबलतात तरी आले. नाही, चहा नको. चहा करशील, मग कप धुशील, मग ओटा पुसशील, म्हणजे पुन्हा तेच. तो कप राहू दे तिथंच, खरकटा. आणि ह्या — नमस्कार मावशी, बसा, बसा, उठू नका — ह्या काय भरतायत त्या पिशवीत? स्वेटर, औषधं... कंगवासुद्धा? अगं थांबव त्यांना! काढ ते सगळं बाहेर. कमी ऐकू येतं ना त्यांना? मग तूच सांग जवळ जाऊन. सांग, खालची काकू म्हणतेय, उद्यापर्यंत काहीही आवरायचं नाही. हसतायत बघ. हसू देत. आमच्यासुद्धा अशाच हसायच्या.

आमच्या म्हणजे सासूबाई गं. तू नाही पाहिलंस त्यांना, तू नंतर आलीस ह्या इमारतीत. माझं त्यांचं फारसं पटायचं नाही हं — आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुला वाटायचं सासू-सुना गळ्यात गळे घालून बसायच्या. छे! मी हॉटेलात खोल्या आवरते, तुला माहीतच आहे. माझं कामच ते — माणूस खोलीतून गेला की त्याची खूण ठेवायची नाही. उशीवरचा केस, आरशावरचा बोटाचा डाग, ग्लासाखालचं ओलं वर्तुळ, सगळं पुसायचं, म्हणजे पुढच्याला वाटावं इथं कधी कुणी झोपलंच नाही. दिवसभर ते केल्यावर घरी येऊन आवरायचं मला जिवावर यायचं. खुर्चीवर कपडे, दारात चपला, टेबलावर कालचं — असं माझं घर. आणि ह्या बाई! उठल्या की गादीची गुंडाळी, चादरीची घडी, आणि आपलं होतं नव्हतं ते सगळं पिशवीत. रोज. रोज सकाळी जणू गाडी पकडायचीय. केसांतून कंगवा फिरवला की पुसून पिशवीत. चष्मा काढला की पिशवीत. गोळी घेतली की बाटली पिशवीत. आणि पिशवीची चेन ओढल्याचा तो आवाज — करर्र — डोक्यात जायचा माझ्या. मी म्हणायची, अहो, कपाटात एक कप्पा रिकामा करून दिलाय तुम्हाला, त्यात काय साप बसलाय? तर म्हणायच्या, राहू दे गं, तुम्हालाच लागेल तो. मला वाटायचं टोमणा मारतायत — बघ, मी कशी टापटीप आणि तू कशी गबाळी.

तसं नव्हतं ते. मला ह्यांनी सांगितलं एकदा. हे लहान असतानाच वडील गेले ह्यांचे. मग काय, काही वर्षं दिराकडे, काही भावाकडे, पुन्हा दिराकडे — बाईनं दुसऱ्याच्या घरांत मुलगा वाढवला. दुसऱ्याच्या घरात आपला पसारा दिसला, म्हणायच्या, की माणसांना आठवण होते, ह्या अजून आहेत का, कधी जाणार. पसारा दिसला नाही की विसरतात. विसरले की राहता येतं. आता बोल. जन्मभर बाई अशी राहिली, की कुणाला दिसू नये. ते अंगात भिनलेलं, मुलाच्या घरी आल्यावर सुटतंय होय? मी तरी कुठून काढणार होते ते.

आणि ह्यांना आणायचंच होतं त्यांना इकडे, ह्या देशात. ह्यांची एकच हौस गं आयुष्यात — आईला आपल्या घरात आणायची, जिथून तिला कुणी जा म्हणणार नाही. इतक्या कचेऱ्या, इतक्या खिडक्या! इथं शिक्का, तिथं सही, हा कागद जुना झाला, तो कागद चुकीच्या रंगाचा. हे गॅरेजमधून सुटले की तसेच काळ्या हातांनी रांगेत. शेवटी आल्या एकदाच्या. आता फक्त रहिवासाचा दाखला राहिला होता — म्हणजे कचेरीचा माणूस घरी येणार, बघणार, खरंच ह्या इथं राहतात का, की नुसतं कागदोपत्री. दाखला मिळाला की ओळखपत्र, ओळखपत्र मिळालं की कुणाची टाप नाही जा म्हणायची. एवढंच. आम्हाला वाटलं, ह्यात काय मोठंसं? राहतातच की बाई घरात. डोळ्यांना दिसतायत.

त्या दिवशी मी कामावर, हे सुट्टी घेऊन घरी. आणि ह्या बाई उजाडायच्या आत उठल्या. साहेब येणार ना! घर असं घासलं, असं घासलं — मी संध्याकाळी आले तर मला माझं घर ओळखू येईना. माझा पसारासुद्धा कपाटात नीट लावलेला, माझे कपडे, ह्यांचे कपडे, घड्या घालून. आणि स्वतःचं सगळं पिशवीत. रोजच्यापेक्षा जास्त मन लावून. चपला जुन्या होत्या, अंगठा फाटलेला, साहेबाला दिसू नयेत म्हणून त्या पण पिशवीत. दात घासायचा ब्रश पण. गादी गुंडाळून पलंगाखाली एकदम मागे. आणि मग चांगले कपडे घालून, केस चापूनचोपून, खुर्चीच्या कडेला बसल्या — अशा, अर्ध्या खुर्चीवर, हात मांडीवर. कळलं ना तुला? पाहुण्या बसतात तशा.

तो आला. कोवळा पोरगा होता म्हणे, पण नजर कसली — माझ्या हॉटेलातली मुकादमीण जशी खोली बघते तशी. विचारलं, ह्या झोपतात कुठे? हे म्हणाले, इथं. इथं म्हणजे? तर जमीन चकाचक. कपडे कुठे ह्यांचे? कपाट उघडलं, त्यात माझे नि ह्यांचे, आणि तो एक कप्पा रिकामा. न्हाणीघरात दोन ब्रश. औषधं कुठायत, ह्या वयाचं माणूस म्हणजे औषधं असणारच. हे म्हणाले, पिशवीत आहेत. मग पिशवी काढली. अगं, पिशवी! भरलेली, चेन लावलेली, वरती स्वेटर घडी करून, प्रवासाला निघाल्यासारखी. त्या पोराला दोष नाही देत मी. मी जरी असते ना त्याच्या जागी, तरी म्हटलं असतं, ह्या कालच आल्यात आणि उद्या जाणार. ह्यांनी खूप सांगितलं — सवय आहे तिची, नेहमीच असं ठेवते. पण बोलता बोलता ह्यांना धड शब्द सुचेनात, त्यांच्या भाषेत सवयीला काय म्हणतात तेच आठवेना, आणि घाबरला माणूस की खोटा दिसतो. त्यानं लिहिलं, वास्तव्य आढळलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते हे. आपल्याच टापटिपीनं बाई घराबाहेर गेली.

आणि तुला सांगते, संध्याकाळी मी दारात पाऊल ठेवलं तर पहिलं काय विचारलं माझ्या सासूनं? ‘आवडलं का गं घर साहेबाला?’ ...मी आत निघून गेले.

मावशींना म्हणावं तो ग्लास ठेवू नका उचलून. हां. तिथंच बरा आहे.

मग काय, नकार आला. फेरतपासणीचा अर्ज केला आम्ही, पण तो चालणार त्याच्या चालीनं, तोवर त्यांना इथं थांबता येणार नव्हतं. परत जायला लागलं. पुतण्याकडे. म्हणजे बघ, फिरून पुन्हा दिराचंच घर. जाताना काही मागे ठेवून गेल्या असतील तर शपथ. मी त्या दिवशी मुद्दाम शोधलं — कोपऱ्यात, गादीखाली, कंगव्याचा एखादा तुटलेला दात, एखादी पिन तरी. काही नाही. माझ्या नोकरीत इतकी स्वच्छ खोली सोडून गेलेलं गिऱ्हाईक मी पाहिलं नाही. मला इतका राग आला होता त्यांचा! वीस वेळा म्हटलं असेल मनात, बाई, एक रुमाल तरी टाकून जायचंस. आणि फोनवर मात्र मलाच विचारायच्या, आता कप्पा वापरतेस ना गं? मी म्हणायची, वापरते. नव्हते वापरत.

तिथं आजारी पडल्या. मोठं काही नाही म्हणाले, मग मोठं निघालं. आणि ह्यांचा स्वतःचा कायमच्या वास्तव्याचा अर्ज त्या वेळी चालू. अर्ज चालू असताना देशाबाहेर पाऊल टाकलं की अर्ज बाद, पुन्हा आत येता येईल की नाही सांगता येत नाही. तूही ह्यातून गेलीयेस, तुला काय सांगायचं. हे रोज निघायचे आणि रोज थांबायचे. मी म्हटलं, जा हो, होईल ते होईल, मी बघते. मी म्हटलं होतं, खरंच. तर फोनवर त्याच ओरडल्या — त्या, ज्यांचा आवाज कधी कुणी ऐकला नाही, त्या ओरडल्या — यायचं नाही! माझ्यामुळे तुझं घर गेलं तर मी तोंड बघणार नाही तुझं. तोंड नाहीच बघितलं. पुतण्याचा फोन आला तो मी घेतला. दुपारची वेळ. तो जे बोलला ते मी ऐकलं आणि फोन तसाच ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी ऐकलं, हं म्हणाले, हं, हं, ठेवला, बूट घातले आणि गॅरेजला गेले. मेलेल्या माणसासारखे गेले आणि तसेच आले. रडले नाहीत. आजपर्यंत नाही. कुणी विचारलं, आई कशा आहेत, तर म्हणतात, तिकडं असते. असते म्हणतात. मी कधी दुरुस्त केलं नाही. कसं करू? तूच सांग, कसं करायचं?

मग एका ओळखीच्या माणसाबरोबर पुतण्यानं पिशवी पाठवली. तीच. भरलेली, चेन लावलेली. शेवटच्या दुखण्यातसुद्धा बाईनं पिशवी भरून ठेवली होती. आम्ही ती उघडली नाही, पलंगाखाली सरकवली. आणि त्यानंतर — नको, हे मी तुला सांगायला नको. ...बरं, सांगते, पण तुझ्या नवऱ्यालाही बोलू नकोस. बोलणार नाहीस ना? आमच्याच गळ्याशी येईल.

त्यानंतर कचेरीचं पत्र आलं — ह्या कचेरीचं त्या कचेरीला कळत नाही, ह्यांच्या कागदावर बाई अजून इथंच. फेरतपासणी मंजूर, अमुक तारखेला माणूस येईल. आता शहाण्या माणसानं काय करावं? उलट टपाली कळवावं, की बाई राहिल्या नाहीत. दोन ओळींचं काम. ह्यांनी पत्र वाचलं आणि जेवायला बसले. आणि मी त्या तारखेला सुट्टी टाकली. हे कामावर गेल्यावर मी पिशवी काढली आणि उघडली.

आणि मग मी काय केलं — अगं, मी जे रोज पुसते ना हॉटेलात, ते सगळं मी मांडलं. मला माहीत आहे माणूस राहतो म्हणजे खोली कशी दिसते, माझ्याइतकं कुणाला माहीत असणार! गादी घातली. उशीवर मी डोकं ठेवून पडले, खळगा पडेपर्यंत. चादर एका बाजूनं अशी ढकललेली. फाटक्या चपला पलंगाशी, एक सरळ, एक तिरकी. स्वेटर खुर्चीच्या पाठीवर. औषधांच्या बाटल्या खिडकीत, एकीचं झाकण अर्धवट, शेजारी चष्मा. कंगव्यात केस होते त्यांचे, पिशवीतूनच तसे आलेले — पहिल्यांदाच बाईनं कंगवा न पुसता ठेवला होता, हातात जोर राहिला नसेल. ते पांढरे केस बघून मी तिथं खाली बसले. मग उठले, कंगवा आरशाशी ठेवला. कप्पा भरला. जन्मभर जो पसारा त्यांनी केला नाही, तो मी त्यांना करून दिला.

ह्या खेपेला बाई आली तपासणीला, वयस्क, पायांनी थकलेली. दारातूनच बघितलं. म्हणाली, कुठे आहेत? मी म्हटलं, बाहेर गेल्यात. तिची नजर चष्म्यावर गेली. म्हणाली, चष्मा विसरून गेल्या? म्हटलं, तो वाचायचा आहे, लांबचं दिसतं त्यांना. हसली ती. म्हणाली, माझी आई पण अशीच, घरभर वस्तू टाकते. आणि लिहिलं — इथंच राहतात. बस, एवढं लिहायला तिला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही. मला फायदा काय होता सांग ना! वेड्यासारखं केलं मी. मला फक्त — मला फक्त कुणीतरी, शिक्केवाल्या कुणीतरी, एकदा म्हणायला हवं होतं, की हो, ही बाई इथं राहत होती. ह्या घरात राहत होती. पाहुणी नव्हती.

पण मी एक गोष्ट विसरले. सगळं पुन्हा उचलून ठेवायला हवं होतं ना हे यायच्या आत? ती बाई गेली आणि मी ओट्याशी उभी राहून रडत बसले, वेळेचं भान नाही राहिलं. दाराचा आवाज आला. ह्यांनी बूट काढले, समोर त्या चपला बघितल्या, खुर्चीवर स्वेटर — आणि हे म्हणाले, हळूच, झोपलेल्या माणसाला उठवू नये तसं — ‘आई, झोपलीस का?’

...

पाणी दे जरा. नाही, असू दे, ठीक आहे मी.

तेव्हापासून ह्यांनी काही उचलू दिलेलं नाही. चादर तशीच. खळगा गेला उशीचा, बाकी सगळं तसंच. माझ्या घरात आता त्या बाईंचा पसारा आहे, आणि मी वरून केरसुणीसुद्धा फिरवत नाही. मग दाखला आला टपालानं. हे रोज बघतात तो. ह्यांचा स्वतःचा कागदही आला मध्ये, तो कुठे ठेवलाय ते ह्यांना विचार, सांगता येणार नाही. आणि आता — आता ओळखपत्रासाठी बोलावलंय. दाखला झाला ना, मग पुढची पायरी, व्यक्तीला समक्ष हजर करा, फोटो आणि अंगठा. उद्या. हो, उद्याच, तुझ्याकडे तो माणूस येईल तेव्हा आम्ही तिथं असायला हवं. आज सकाळी हे मला म्हणाले, उद्याची सुट्टी टाकलीय, आईला घेऊन जायचंय ना. म्हटलं थट्टा असेल. ह्यांनी थट्टा करणं सोडलंय कधीचं. मग उठले, फडकं घेतलं, त्या फाटक्या चपला पुसल्या आणि दाराशी नेऊन ठेवल्या, तोंडं बाहेरच्या बाजूला करून. म्हणजे घालायला सोप्या.

म्हणून आले मी वर. तुला सांगायला आले हे खोटं नाही हं, तुझं घासणं थांबवायलाच आले, तुझ्या आईचं व्हायला हवं नीट — पण खाली बसवेना मला. हे पलंगापाशी बसलेत, आईचे उद्याचे कपडे काढून ठेवतायत. ‘आई गेली’ हे शब्द आमच्या घरात अजून कुणी उच्चारलेले नाहीत. पुतण्या बोलला, पण तो फोनात. मी फोन हातात दिला, मी तोंड नाही उघडलं. आज मलाच म्हणायला लागणार. उद्या खिडकीपाशी, रांगेत, परक्या माणसासमोर कळण्यापेक्षा — आज, घरात. मी आजच सांगणार.

नाही, तू नको येऊस बरोबर. तू इथं थांब. मावशींचा स्वेटर टाक त्या खुर्चीवर, ब्रश ठेव परत जागेवर, गादी पसरून ठेव. तपासणीवाल्यापुढे त्यांना पलंगावर पाय वर घेऊन बसव, ऐसपैस. कडेला बसू देऊ नकोस.

जाते मी. आणि थोड्या वेळानं खालून आवाज आला — रडल्याचा, मोठ्यानं, पुरुषमाणसाचा — तर धावत येऊ नकोस. रडू दे त्यांना. नाहीच आला आवाज, तर मग ये. लाव, दार लावून घे.